भिंतीवर न लागलेलें भित्तिपत्रक

युद्धकालीन प्रचाराचीं भित्तिपत्रकें जमविणाऱ्यांच्या जगांत एक विचित्र न्याय चालतो. जें पत्रक कामीं आलें, खळीनें भिंतीवर चिकटलें, पावसांत भिजलें आणि दुसऱ्या पत्रकाखालीं गाडलें गेलें, तें नामशेष झालें. जें कामावर गेलेंच नाहीं, कोठारांतल्या गठ्ठ्यांत निजून राहिलें, तें आज काचेमागें मानानें विराजतें. पहिलें महायुद्ध चालू असतांनाच, १९१७ सालीं, लंडनमध्यें इंपीरियल वॉर म्यूझियमची स्थापना झाली आणि ताजीं भित्तिपत्रकें तेथें जमूं लागलीं, हें दूरदर्शित्वच होय. एरवीं अशा कागदाला उद्यां कोण विचारणार?

१९३९ च्या उन्हाळ्यांत दुसरें महायुद्ध ब्रिटनच्या दाराशीं येऊन ठेपलें. जनतेचें धैर्य खचूं नये म्हणून सरकारनें तीन भित्तिपत्रकें सिद्ध केलीं. त्यांवर चित्र नव्हतें. एकरंगी भूमि, माथ्यावर राजमुकुट आणि खालीं ठसठशीत अक्षरें, एवढाच थाट. पैकीं दोन भिंतींवर झळकलीं आणि टीकेस पात्र झालीं. एकाचा आशय असा कीं, तुमचें धैर्य, तुमचा उल्हास, तुमचा निश्चय यांनीं विजय मिळेल. विजय कोणाला? मराठींत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असे दोन निराळे शब्द आहेत. इंग्रजींत दोहोंचें काम एकच शब्द करतो. सरकारच्या मनांत ‘आपल्याला’ होतें. टीकाकारांनीं ‘आम्हांला’ असें वाचलें. सोसावें प्रजेनें आणि जिंकावें सत्ताधाऱ्यांनीं, असा त्याचा अर्थ झाला. एका सर्वनामानें एवढा घोटाळा क्वचितच केला असेल!

तिसरें पत्रक लाल होतें. ‘शांत राहा आणि आपलें काम चालू ठेवा’, एवढाच त्यावरील उपदेश. त्याच्या सुमारें साडेचोवीस लाख प्रती छापल्या गेल्या. पण मोठा बाँबहल्ला होईल तेव्हां लावावयाचें म्हणून तें राखून ठेवलें होतें. हल्ला लांबला, कागदाची टंचाई भासूं लागली, आणि एप्रिल १९४० पासून गठ्ठे लगद्यासाठीं रवाना झाले. लंडनवर बाँबवर्षाव सुरू झाला तो त्याच वर्षीं ७ सप्टेंबरला. ज्या घडीसाठीं ते शब्द छापले होते ती घडी आली, तेव्हां कागद उरला नव्हता. लोक मात्र भिंतीनें न सांगतां कामावर जात राहिले.

पुढें २००० सालीं इंग्लंडच्या उत्तरेकडील अ‍ॅनिक या गांवीं जुन्या पुस्तकांच्या एका दुकानदाराला लिलावांतून आणलेल्या खोक्याच्या तळाशीं त्याची एक घडी घातलेली प्रत सांपडली. दुकानांत टांगली, गिऱ्हाइकें ती मागूं लागलीं, नकला निघाल्या, आणि तेच शब्द पेल्यांवर नि पंचांवरही उमटले. २०१२ मध्यें आणखी सुमारें पंधरा अस्सल प्रती उजेडांत आल्या.

नकलांच्या या पुरांत संग्राहक रंगाच्या तजेल्याला भुलत नाहीं. अर्वाचीन छपाईची ठिपक्यांची जाळी भिंगाखालीं उघडी पडते. शिवाय पुष्कळ जुनीं पत्रकें घड्या घालूनच छापखान्यांतून बाहेर पडत. म्हणून घडीच्या रेघा उमटलेली प्रत समोर आली कीं नवखा नाक मुरडतो आणि जाणता भिंग पुढें ओढतो.