खिडकीखालचा मुलगा

शाळेच्या स्मरणिकेसाठी मी शाळा सोडलेल्या एका मुलाची गोष्ट निवडली आहे. आपल्या गुरुजनांनी रागावू नये.

१९६० साली अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात १५ वर्षांच्या एका मुलाने नेपोलियनवर २० पानी निबंध लिहिला. निबंध इतका चांगला उतरला की तो त्यानेच लिहिलाय हे शिक्षकांना पटेना. आपला खरेपणा सिद्ध करत बसायला त्याने नकार दिला आणि तो वर्गातून निघून गेला, तो कायमचाच. दुसऱ्या दिवशी तो मुख्याध्यापकांच्या खिडकीखाली बास्केटबॉल खेळत राहिला. कुणीतरी येऊन 'शाळेत का नाहीस?' असं विचारावं, हीच मनात आशा होती, असं त्याने पुढे सांगितलं. कुणीच आलं नाही.

हा मुलगा म्हणजे नाटककार ऑगस्ट विल्सन. वडील गोरे, जर्मन वंशाचे बेकरी कारागीर, घरात क्वचितच दिसणारे. आई कृष्णवर्णीय, लोकांकडे घरकाम करून मुलांना वाढवणारी. वडिलांच्या पश्चात त्याने आईचं आडनाव लावलं आणि आपण कुणाचे हे ठरवून टाकलं.

शाळा सुटली तरी शिक्षण थांबलं नाही. गावातल्या कार्नेगी ग्रंथालयात तो रोज वाचत बसे. १९६८ मध्ये रॉब पेनी या मित्राबरोबर त्याने कृष्णवर्णीयांसाठी 'ब्लॅक होरायझन्स' ही नाट्यसंस्था काढली. पुढे विसाव्या शतकातल्या प्रत्येक दशकावर एक, अशी १० नाटकं लिहिली. त्यांतली ९ त्याच्या लहानपणीच्या हिल डिस्ट्रिक्ट वस्तीत घडतात. कचरा उचलणारे, विनापरवाना टॅक्सी चालवणारे, खानावळवाले, अशी रंगमंचावर सहसा न दिसणारी माणसं त्याने नायक केली. 'फेन्सेस' (१९८७) आणि 'द पियानो लेसन' (१९९०) या नाटकांना पुलित्झर पारितोषिक मिळालं. २००५ मध्ये तो गेला आणि त्याच महिन्यात ब्रॉडवेवरच्या एका नाट्यगृहाला त्याचं नाव दिलं गेलं.

शालान्त पदविका त्याला मिळाली, पण ती शाळेने नव्हे, कार्नेगी ग्रंथालयाने सन्मानपूर्वक दिलेली.

मित्रमैत्रिणींनो, संमेलनानिमित्त शाळेला काय भेट द्यावी, यावर आपली चर्चा चालूच आहे. माझं मत ग्रंथालयाला. शाळा सुटल्यावरही दोन तास ते उघडं राहील, एवढी सोय आपण करू या. आणि खिडकीखाली कुणी एकटं खेळताना दिसलं, तर बाहेर जाऊन विचारायला पैसेही लागत नाहीत.