अरण्य वसाहत, इंदूर

अरण्य वसाहत : मध्य प्रदेशातील इंदूर शहरात गरीब व अल्प उत्पन्न कुटुंबांना परवडतील अशी घरे मिळावीत, या हेतूने इंदूर विकास प्राधिकरणाने वसवलेली निवासी वस्ती. शहराच्या मध्यापासून सुमारे 6 किमी., मुंबई-आग्रा महामार्गाच्या बाजूस. स्थानिक व्यवहारात ‘अरण्य नगर’ किंवा ‘स्कीम नंबर 78’. क्षेत्र सुमारे 86 हेक्टर, निवासी भूखंड सुमारे 6,500. आराखडा अहमदाबादच्या वास्तुशिल्प फाउंडेशन या ना-नफा संशोधन संस्थेचा. ती वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी (1927–2023) यांनी 1978 मध्ये काढली. अरण्यचे काम 1980 च्या दशकात झाले आणि 1995 मध्ये त्याला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

दोशी जन्माने पुण्याचे, शिक्षणाने मुंबईच्या जे. जे. स्कूलचे. पॅरिसला ल कॉर्बुझिए यांच्या हाताखाली काम करून ते भारतात परतले. 2018 मध्ये प्रित्झकर पारितोषिक मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले आणि त्या निमित्ताने अरण्यचे नाव पुन्हा जगभर गेले.

इंदूरला नगररचनेच्या प्रयोगांचे वावडे कधीच नव्हते. होळकर दरबाराने स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांना बोलावले आणि त्यांनी 1918 मध्ये दोन खंडांचा अहवाल सादर केला. जुन्या वस्त्या सरसकट पाडू नका, अडचण असेल तेवढेच काढा, हा त्यांचा आग्रह. प्लेगच्या त्या दिवसांत लोकांनी घरे-गल्ल्या झाडाव्यात म्हणून त्यांनी दिवाळीत मिरवणूक काढली आणि तीत उंदराची भलीमोठी प्रतिमा फिरवली. पुढे कापड गिरण्यांनी शहरात माणसे आणली, पण त्या मानाने घरे झाली नाहीत. नाल्यांच्या काठाने, मोकळ्या जागांवर झोपड्या उठल्या.

आराखड्याआधी अभ्यास झाला, आणि तो याच झोपड्यांचा. वास्तुशिल्पची माणसे आणि कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचा अल्पखर्ची गृहनिर्माण गट यांनी इंदूरच्या वस्त्यांची मापे घेतली. गल्ली किती रुंद, दुकान कुठे मांडले आहे, हातगाडी रात्री कुठे लावतात, झाडाखाली काय चालते, दारापुढचा ओटा किती पुढे येतो, याच्या नोंदी 1984 मध्ये ‘हाउ द अदर हाफ बिल्ड्स’ या अहवालात आल्या. गरिबांच्या वस्तीला निव्वळ घाण न समजता तिच्यातली व्यवस्था वाचण्याचा हा प्रयत्न होता. अरण्यमध्ये पुढे जे चांगले उतरले, त्याचे मूळ इथे आहे. दोशींच्या प्रतिभेचे कौतुक करताना ही मोजपट्टी हातात घेऊन केलेली मेहनत बहुतेक लेखांत मागे पडते.

योजनेत गरिबाला तयार घर मिळत नव्हते. जागतिक बँकेच्या साहाय्याने त्या काळी राबवल्या जाणाऱ्या ‘भूखंड व सेवा’ या पद्धतीनुसार त्याला सुमारे 35 चौ. मी.चा तुकडा, त्यावर काँक्रीटचे जोते, शौचालय-न्हाणीचा गाभा आणि एक खोली एवढे मिळे. पाणी आणि वीज दारापर्यंत. वीस घरांमागे एक सेप्टिक टँक. सुरुवातीची रक्कम कुटुंबाच्या सरासरी उत्पन्नावर ठरे, उरलेले कर्ज मासिक हप्त्यांनी फेडायचे. भिंत विटांची की दगडाची, वरचा मजला कधी चढवायचा, हे घरमालकाने खिशाकडे पाहून ठरवायचे. दहा घरांचा एक गट, प्रत्येकाच्या मागे अंगण. घर आणि रस्ता यांच्यामध्ये अर्ध्या मीटरचा पट्टा मुद्दाम सोडला होता. जिना, ओटा, सज्जा यांचा मोह होणारच, तेव्हा ते अतिक्रमण ठरण्याआधीच त्याला जागा देऊन टाकली. एवढ्या छोट्या मापात माणसाचा स्वभाव ओळखणारी तरतूद सरकारी योजनांत क्वचितच सापडते.

जवळपास 65 टक्के भूखंड आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटासाठी होते. वस्तीचे सहा विभाग. प्रत्येकाच्या मध्यभागी सर्वांत गरीब कुटुंबे, कडेला आणि मधल्या मुख्य पट्ट्यालगत सुस्थितीतील. महाग व व्यापारी भूखंडांच्या विक्रीतून गरिबांच्या घरांचा भार हलका करायचा, हा हिशेब होता. लोकांना कल्पना यावी म्हणून दोशींनी 80 नमुना घरे बांधली. एका खोलीपासून ऐसपैस घरापर्यंत सगळे प्रकार त्यांत आहेत, कुठे बाहेरून चढणारा जिना, कुठे गच्ची. पुस्तकांत आणि प्रदर्शनांत अरण्य म्हणून दिसतात ती बहुधा हीच घरे. बाकीच्या हजारो घरांवर दोशींची रेघही नाही, आणि योजनेचा हेतूही तोच होता.

तीन-साडेतीन दशकांत वस्ती दाट झाली, मजल्यांवर मजले चढले, शहर तिच्याभोवती पसरले. जमिनीचा भाव वाढला तसे मूळ लाभार्थींपैकी अनेकांनी भूखंड विकले. हा योजनेवरचा सर्वांत मोठा आक्षेप. विकणाऱ्याला पैसे मिळाले, हे खरे. पण ज्याच्यासाठी जागा राखली तोच तिथे राहिला नाही, हेही खरे. घरातला कमावता माणूस अंथरुणाला खिळला, तर हप्ता कोण भरणार, याचे उत्तर नकाशात काढता येत नाही. त्यासाठी घरामागे उभी राहणारी संस्था लागते. मुंबईत कॉटन ग्रीनला बंदर प्राधिकरणाच्या जुन्या निवासी इमारती दुरुस्त करून सेंट ज्यूड ही संस्था कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलांना पालकांसह विनामूल्य ठेवते. खोलीबरोबर स्वयंपाकघर, समुपदेशन, मुलांचे शिक्षण येते. तो मुक्काम तात्पुरता, अरण्य कायमचे; तुलना पूर्ण जमत नाही. तरी निवाऱ्याला माणसांच्या आधाराची जोड म्हणजे काय, ते तिथे दिसते. अरण्यमध्ये शाळा, बाजार, मोकळी मैदाने आखलेली होती, पण आधार दिला गेला तो मुख्यतः बांधकामाला.

याच शहरात उलट वाटेने जाणारा दुसरा प्रयोगही झाला. अभियंता हिमांशू पारीख यांच्या कल्पनेनुसार, ब्रिटिश मदतीने, झोपडपट्ट्या न हलवता त्यांच्यातून मलवाहिन्या, पावसाळी गटारे आणि रस्ते नेऊन ते सगळे शहराच्या नैसर्गिक उतारांशी जोडण्यात आले. या ‘स्लम नेटवर्किंग’लाही 1998 मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला. पुढे देखभाल कोलमडली आणि वाहिन्या तुंबल्या, अशी कठोर टीका नगररचनाकार गीता दिवाण वर्मा यांनी ‘स्लमिंग इंडिया’ (2002) या पुस्तकात केली. लागोपाठच्या दोन फेऱ्यांत एकाच शहराच्या गरीब वस्त्यांना एकच जागतिक सन्मान मिळावा आणि दोन्ही ठिकाणी पारितोषिकानंतरची वर्षे अडचणीची ठरावीत, हे इंदूरचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

अरण्यपुरता निर्णय असा देता येईल : नगररचना म्हणून ती यशस्वी, गरिबांच्या मालकीची हमी म्हणून अपुरी. पाहायला जाणाऱ्याने 80 नमुना घरांशी थांबू नये. विभागांच्या मध्यातल्या अरुंद गल्ल्यांत जावे. अर्ध्या मीटरच्या त्या पट्ट्यावर लोकांनी काय काय उभे केले आहे, ते तिथेच कळते.