धावफलक आणि बखर : नागपूरच्या जुन्या मैदानाच्या आठवणी

एम. ए.च्या वर्गात बखर हा वाङ्मयप्रकार शिकवताना एक प्रश्न दरवर्षी हमखास येतो. बखरीत इतक्या चुका असतील, तर तिला इतिहासाचे साधन मानायचे कशासाठी? उत्तरादाखल आपण राजवाड्यांचे नाव घेतो. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडाला जोडलेल्या प्रस्तावनेत (१८९८) त्यांनी बखरींची कठोर झडती घेतली आणि अस्सल पत्रांपुढे बखर टिकत नाही हे दाखवून दिले. मग वाङ्मयाचे अध्यापक या नात्याने आपण बखरीची थोडी वकिली करतो, तिच्या भाषेचे कौतुक करतो आणि तास संपतो. विद्यार्थ्यांचे समाधान मात्र झालेले नसते.

गेल्या काही वर्षांत मी हे उत्तर बदलले आहे. काशीराव राजेश्वर गुप्ते यांची ‘नागपूरकर भोसल्यांची बखर’ दोन दिवस बाजूला ठेवायची आणि घरातल्या किंवा शेजारच्या वडीलधाऱ्यांना सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या क्रिकेट मैदानाविषयी विचारून यायचे, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. दुसऱ्या दिवशी वर्गात बखरींचा ढीग पडतो. कोणाच्या आजोबांनी पतौडीला अगदी जवळून पाहिलेले असते, कोणाच्या मामाने चेतन शर्माची हॅट्ट्रिक. मग फळ्यावर आम्ही त्या सामन्यांचे धावफलक लिहितो आणि दोहोंची ताडणी सुरू होते.

क्रिकेटच्या मैदानाची ही मोठी सोय आहे. तेथे जे घडते त्याची जागच्या जागी, चेंडूगणिक नोंद होते. धावफलक हे आपले अस्सल पत्र आणि प्रेक्षकांच्या आठवणी ही बखर. दोन्ही साधने हाताशी असलेली अशी जागा गावात असताना साधनचिकित्सेचे धडे केवळ अठराव्या शतकावर द्यावेत असे काही नाही.

विदर्भ क्रिकेट संघटनेच्या या मैदानावर १९६९ ते २००६ या काळात एकूण नऊ कसोटी सामने झाले. पहिला ऑक्टोबर १९६९ मध्ये, न्यूझीलंडविरुद्ध. माझे वडील तेव्हा महाविद्यालयात शिकत होते. सायकलीवरून ते आणि त्यांचे मित्र मैदानावर कसे गेले, पोळी-भाजीचा डबा कोणी आणला होता, ऊन किती होते, हे सारे त्यांनी आम्हाला अनेकदा सांगितले. पतौडी क्षेत्ररक्षणासाठी कसा पळत असे याची नक्कल ते अंगणात करून दाखवीत. या आख्यानात एकच उणीव होती. सामन्याचा निकाल त्यात कधी येत नसे. तो मला पुढे धावफलकात सापडला. न्यूझीलंड ३१९ आणि २१४, भारत २५७ आणि १०९. भारत १६७ धावांनी हरला होता. हेडली हॉवर्थ या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने सामन्यात नऊ बळी घेतले होते आणि न्यूझीलंडचा भारतातला हा पहिलाच कसोटी विजय होता. वडिलांना विचारले, तर ते सहज म्हणाले की हरलो होतो खरे, पण नागपुरात कसोटी झाली होती ना!

या उत्तरात मला नागपूरकर प्रेक्षकाची सारी भूमिका दिसते. तो यजमान होता. आपल्या गावात पाहुणे आले, याचाच आनंद त्याला पुरेसा होता. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू यांचा जन्म नागपूरचा, ३१ ऑक्टोबर १८९५चा. पण गावात पहिली कसोटी झाली तेव्हा त्यांना जाऊन दोन वर्षे होत आली होती. पुढे विदर्भाकडून खेळणारा खेळाडू कसोटी संघात येण्यासाठी नागपूरला २०११ सालापर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी दिल्लीत वेस्ट इंडीजविरुद्ध उमेश यादव कसोटीत उतरला. म्हणजे १९६९ पासून बेचाळीस वर्षे या गावाने कसोटी क्रिकेटमध्ये दुसऱ्यांच्या मुलांसाठी टाळ्या वाजवल्या. मुंबईकराच्या आठवणीत ‘आमच्या दादरचा’, ‘आमच्या शिवाजी पार्कचा’ असा खेळाडू असतो. नागपूरकराच्या आठवणीत खेळाडू बाहेरचे आणि मैदान तेवढे आपले. म्हणून आमच्या बखरीचा नायक माणूस नसून जागा आहे.

या बखरीतले सर्वांत तेजस्वी प्रकरण अर्थातच ३१ ऑक्टोबर १९८७चे. विश्वचषकातील भारत-न्यूझीलंड सामना. तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि शेजाऱ्यांकडच्या दूरचित्रवाणीसमोर सतरंजीवर बसलो होतो. चेतन शर्माने केन रदरफर्ड, इयन स्मिथ आणि यूएन चॅटफिल्ड यांचे लागोपाठच्या तीन चेंडूंवर त्रिफळे उडवले. विश्वचषकातील ही पहिली हॅट्ट्रिक. आमच्या गल्लीतले पोट्टे त्यानंतर कित्येक महिने विटांच्या यष्ट्या मांडून चेतन शर्मा होत असत. त्या दिवशी आपण मैदानावर होतो असे सांगणारी इतकी माणसे मला आजवर भेटली आहेत, की ती सारी खरोखर तेथे असती तर मैदानाच्या भिंती मागे सराव्या लागल्या असत्या.

आता धावफलक पाहू. न्यूझीलंडने ५० षटकांत ९ बाद २२१ धावा केल्या. गटात ऑस्ट्रेलियाच्या वर जाण्यासाठी, म्हणजेच उपांत्य सामना लाहोरऐवजी मुंबईत खेळता यावा यासाठी, भारताला हे लक्ष्य ४२.२ षटकांत गाठणे आवश्यक होते. ते ३२.१ षटकांतच पूर्ण झाले. श्रीकांतने ७५ धावा केल्या आणि अंगात ताप असलेल्या सुनील गावसकरने ८८ चेंडूंत नाबाद १०३. एकदिवसीय क्रिकेटमधले त्याचे हे एकमेव शतक. सामनावीराचा मान त्याला आणि चेतनला विभागून मिळाला.

बखर येथपर्यंत पत्राशी प्रामाणिक आहे. नंतर ती हळूच आपली वाट धरते. गावसकरचा हा शेवटचा सामना होता, असे माझ्या विद्यार्थ्यांचे पालक ठामपणे सांगतात. वस्तुस्थिती तशी नाही. गावसकर त्यानंतर आणखी एक सामना खेळला. ५ नोव्हेंबरला वानखेडेवर, इंग्लंडविरुद्ध. त्यात तो चार धावांवर बाद झाला आणि भारत ३५ धावांनी हरून स्पर्धेबाहेर गेला. मोठ्या फलंदाजाने असा निरोप घेणे लोकांच्या मनाला रुचत नाही. म्हणून नागपूरच्या बखरीने त्याचा निरोपसमारंभ आपल्या गावी, शतकाच्या साक्षीने उरकून टाकला. ही चूक आहेच. परंतु अर्थपूर्ण चूक आहे. आख्यानाचा शेवट कसा असावा याविषयीची लोकांची धारणा तिच्यातून कळते. चेतनची हॅट्ट्रिक सी. के. नायडूंच्या जन्मदिनी झाली हा निव्वळ योगायोग. पण एखाद्या जुन्या बखरकाराच्या हाती तो लागता, तर त्याने त्यात दैवी संकेत पाहिला असता.

इतर प्रकरणांतही असेच घडते. नोव्हेंबर २००० मधल्या झिम्बाब्वेविरुद्धच्या कसोटीतले सचिन तेंडुलकरचे नाबाद २०१ सर्वांना पाठ असतात. त्याच सामन्यात फॉलोऑननंतर अँडी फ्लॉवरने नाबाद २३२ धावा करून झिम्बाब्वेचा पराभव टाळला, हे सांगणारा एखादाच. ऑक्टोबर २००४ मध्ये ऑस्ट्रेलियाने येथे भारताला ३४२ धावांनी हरवले आणि पस्तीस वर्षांनी भारतात मालिका जिंकली. त्या पराभवाचे कारण बखरीत एकच आहे, खेळपट्टीवरचे गवत. गवत होतेच, जेसन गिलेस्पीने त्याचा उपयोगही करून घेतला. पण त्याच खेळपट्टीवर डेमियन मार्टिनने ११४ आणि ९७ धावा काढल्या होत्या, हे धावफलक सांगतो. बखर पराभवाचे कारण आपल्या माणसांबाहेर शोधते, ही तिची जुनीच खोड आहे.

येथपर्यंत हा पाठ विद्यार्थ्यांना आवडतो आणि मलाही सोपा जातो. बखर चुकते, पत्र तिला दुरुस्त करते, आणि चुकीतून लोकमानस उलगडते. पुढचे प्रकरण मात्र या पद्धतीत बसत नाही.

२६ नोव्हेंबर १९९५. पुन्हा न्यूझीलंडविरुद्धच एकदिवसीय सामना. मी कनिष्ठ महाविद्यालयात होतो आणि मित्रांबरोबर प्रथमच स्वतःच्या तिकिटावर मैदानात गेलो होतो. नेथन अॅस्टलने ११४ धावा केल्या आणि न्यूझीलंडचा डाव ८ बाद ३४८ वर संपला. दोन डावांमधल्या सुटीत आम्ही संत्री सोलत बसलो होतो. तेवढ्यात पलीकडच्या बाजूने गलका ऐकू आला. मैदानावर गलका ही काही नवलाची गोष्ट नव्हती. आम्ही मान वर करून पाहिले, काही उमगले नाही, पुन्हा संत्र्यांकडे वळलो. पूर्वेकडील स्टँडची भिंत कोसळली होती आणि तिच्यासोबत माणसे खाली गेली होती. काही प्रेक्षक मरण पावले, अनेक जखमी झाले.

सामना पुढे खेळला गेला. भारतीय सलामीची जोडी मैदानात उतरली तेव्हा आम्ही उभे राहून ओरडलो. काय घडले ते मला घरी पोचल्यावर, दारात उभ्या असलेल्या आईच्या चेहऱ्यावरून कळले.

या सामन्याचा धावफलक आजही उपलब्ध आहे आणि तो बिनचूक आहे. भारत सर्वबाद २४९, न्यूझीलंड ९९ धावांनी विजयी. अस्सल पत्र म्हणून राजवाड्यांनाही त्यात खोट काढता आली नसती. पण भिंत त्यात नाही. सामना पाहण्यासाठी तिकीट काढून आलेली आणि परत न गेलेली माणसे कोणत्या रकान्यात लिहिणार? धावफलकाला तसा रकानाच नाही.

मग बखरीकडे वळावे, तर तीही गप्प. विद्यार्थ्यांनी आणलेल्या आठवणींत १९८७ वर पानेच्या पाने असतात. १९९५ वर फारतर दोन ओळी, त्याही मुद्दाम विचारल्यावर. हे विस्मरण नव्हे. सांगणाऱ्याचा आवाज खाली येतो, विषय बदलतो, यावरून ते उघड आहे. बखर स्वभावतःच गौरवासाठी असते. ज्या जागेला आपण नायक केले, तिच्याच भिंतीखाली आपली माणसे गेली, हे तिला कथन करता येत नाही. मी स्वतःही त्या दिवसाविषयी वर्गात बोलायला बरीच वर्षे घेतली. आम्ही ओरडलो होतो, हे सांगणे अवघड जात होते.

बखर आणि पत्र यांच्या वादात आपण गृहीत धरतो की एकाने गाळलेले दुसऱ्यात सापडेलच. दोन्ही साधने एकाच ठिकाणी मूक असू शकतात, हे मला या मैदानाने शिकवले. अशा ठिकाणी अभ्यासकाला तिसरे साधन स्वतः निर्माण करावे लागते. ते म्हणजे त्या स्टँडमध्ये बसलेल्यांची, त्यांच्या घरच्यांची, त्या दिवशी धावून गेलेल्यांची साक्ष, त्यांच्याच शब्दांत.

मार्च २००६ मध्ये इंग्लंडविरुद्ध या मैदानावरची शेवटची कसोटी झाली. तीत पदार्पण करताना अॅलिस्टर कुकने शतक झळकावले आणि माँटी पनेसरने पहिला बळी सचिनचा घेतला. नोव्हेंबर २००८ पासून कसोट्या वर्धा मार्गावरील जामठ्याच्या नव्या स्टेडियमवर होऊ लागल्या. २०१७-१८ मध्ये विदर्भाने प्रथमच रणजी करंडक जिंकला, पुढच्याच वर्षी आणि २०२४-२५ मध्येही तो राखला-मिळवला. नागपूरकराला आता टाळ्या वाजवायला स्वतःची मुले आहेत. यजमानपणाचे ते युग संपले. जुन्या मैदानाची बखर त्यामुळे आणखी गोड होत जाणार, हे उघड आहे.

म्हणूनच यंदा मी विद्यार्थ्यांना दिलेला स्वाध्याय थोडा बदलला आहे. १९६९ची कसोटी पाहिलेली माणसे आज सत्तरीपलीकडे आहेत. त्यांच्याकडे आधी जा. त्यांची बखर ऐका, अडवू नका, धावफलक खिशातच राहू द्या. नंतर १९९५ विषयी विचारा आणि थांबा. समोरचा माणूस बोलेपर्यंत आपण बोलू नये, एवढे एक पथ्य पाळा.

पहिली साक्ष मी माझीच लिहून दिली आहे. संत्र्यांसकट.