बंदुकीचा परवाना : उदगीरपासून रेणापूरपर्यंत

लातूरहून अंबाजोगाईकडे निघाले की रेणापूर लागते. रेणुकामातेचे हे गाव महाराष्ट्राला अनेक वर्षे विधानसभेचा मतदारसंघ म्हणून ठाऊक होते. गोपीनाथ मुंडे इथून निवडून जात, आणि 1995 ते 1999 या काळात राज्याचे गृहखाते त्यांच्याकडे होते. तालुक्याची शीव परळी आणि अंबाजोगाईला, म्हणजे बीड जिल्ह्याला भिडलेली आहे. त्यामुळे 9 डिसेंबर 2024 रोजी त्या जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची निर्घृण हत्या झाली आणि पाठोपाठ बीड जिल्ह्यातील शस्त्रपरवान्यांचा बाराशेच्या वर गेलेला आकडा चर्चेत आला, तेव्हा त्याची धग या बाजूलाही जाणवली. जिवाला धोका आहे असे सांगून मिळवलेल्या इतक्या बंदुका एका जिल्ह्यात असताना एका सरपंचाचा जीव वाचला नाही. मग या बंदुका कोणाच्या रक्षणासाठी होत्या? हा प्रश्न कालपरवाचा नाही. मराठवाड्यात तो निदान दोनशे वर्षे रेंगाळतो आहे, आणि त्याचा माग काढायचा तर आपल्याला बरेच मागे जावे लागेल.

नांदेडपासून सुरुवात करू. 1708 साली गुरु गोविंदसिंग गोदावरीकाठी मुक्कामाला होते. तिथेच त्यांच्यावर मारेकऱ्याने वार केला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांचे देहावसान झाले. तिथल्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात आजही शस्त्रांचे दर्शन घडवले जाते. शस्त्र बाळगणे हा धर्माचा भाग मानणारी ही परंपरा पुढे भारताच्या राज्यघटनेतही पोचली. अनुच्छेद 25 च्या स्पष्टीकरणात कृपाण धारण करणे हे शीख धर्माचरणाचे अंग असल्याचे नमूद आहे. बंदूक आणि तोफ मात्र त्या काळी राज्यकर्त्यांची वस्तू होती. औसा, उदगीर, कंधार ही आपल्या भागातली किल्ल्यांची माळ त्यासाठीच उभी होती. 3 फेब्रुवारी 1760 रोजी उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले, ते मुख्यतः इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याच्या बळावर. हा इब्राहिमखान आधी निजामाच्याच चाकरीत होता. म्हणजे तोफ चालवणारे हात पगाराबरोबर धनी बदलत होते.

गावातल्या सामान्य माणसाची सुरक्षितता या तोफांवर अवलंबून नव्हती. ती पाटील, येसकर आणि जागल्या यांच्या हाती होती. चोरी झाली तर जागल्याने चोराचा माग काढायचा. तो शेजारच्या गावाच्या शिवेत शिरला की जबाबदारी त्या गावावर जायची, आणि माग आपल्याच गावात संपला तर भरपाई गावाने द्यायची. या व्यवस्थेत जातीची उतरंड होती, राबणाऱ्याच्या वाट्याला अपमान होता, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण रक्षण हे गावाचे सामाईक काम आहे, ही एक गोष्ट तिला पक्की ठाऊक होती.

ही घडी एकोणिसाव्या शतकात विस्कटली. निजामाच्या राज्यात अरब आणि रोहिल्यांच्या टोळ्या भाड्याने मिळत. जमीनदार त्यांना गढीवर ठेवत, सावकार वसुलीला धाडत. हदगावच्या बाजूला नोव्ह्याच्या गढीत नौसाजी नाईकांनी 1819 च्या जानेवारीत निजाम-इंग्रज फौजेला झुंज दिली, तेव्हा आत लढणाऱ्यांत अरबांचा मोठा भरणा होता. नौसाजींच्या शौर्याचा अभिमान नांदेड जिल्ह्याने बाळगावाच. पण त्याच अरबांच्या बंदुका इतरत्र कुळाच्या दारात उभ्या राहत होत्या, हेही विसरता येत नाही. दिवाण सालारजंग यांनी 1853 नंतरच्या तीस वर्षांत अरब-रोहिल्यांना आवर घातला, जिल्हे पाडले, पोलीस खाते उभारले. माझ्या मते मराठवाड्यातल्या रयतेच्या सुरक्षिततेच्या इतिहासातील हे फार मोठे आणि फार दुर्लक्षित वळण आहे.

इंग्रजी मुलखात वेगळीच कथा घडत होती. 1857 च्या उठावानंतर निःशस्त्रीकरण सुरू झाले आणि 1878 मध्ये लॉर्ड लिटनच्या राजवटीत शस्त्र कायदा आला. गोऱ्यांना सूट आणि एतद्देशीयांना परवाना, असा त्याचा उघड भेदभाव होता. दुसऱ्याच वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांनी शस्त्र उचलले. 1887 च्या मद्रास अधिवेशनापासून काँग्रेस या कायद्याविरुद्ध ठराव करू लागली. अहिंसेचे उद्गाते गांधीजी यांनीही 1918 च्या सुमारास, इंग्रजांच्या दुष्कृत्यांत देशाला निःशस्त्र करणारा हा कायदा सर्वांत काळा ठरेल, असे म्हटले होते. 1931 च्या कराची अधिवेशनाने मांडलेल्या मूलभूत हक्कांत नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. आज अनेकांना हे ऐकून आश्चर्य वाटेल, परंतु स्वातंत्र्य चळवळीने बंदुकीचा हक्क मागितला होता, हे खरे आहे.

मग तो हक्क घटनेत का आला नाही? त्याचे उत्तर शोधताना आपण पुन्हा मराठवाड्यात येतो. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील. 1947-48 मध्ये त्याच्या सशस्त्र टोळ्यांनी खेड्यापाड्यांत जो धुमाकूळ घातला, त्याच्या आठवणी या भागातल्या घराघरांत आहेत. त्यांना तोंड द्यायला सरहद्दीवर हैदराबाद स्टेट काँग्रेसचे कँप उभे राहिले. उमरखेडच्या कँपमधील कार्यकर्त्यांनी नांदेड जिल्ह्यातील उमरीची बँक लुटून लढ्यासाठी पैसा मिळवला, तो दिवस 30 जानेवारी 1948. त्याच संध्याकाळी दिल्लीत एका खासगी पिस्तुलाने गांधीजींचा बळी घेतला. 13 ते 17 सप्टेंबरच्या पोलीस ॲक्शननंतर निजामाची राजवट संपली. मात्र त्यानंतर निरपराध मुसलमानांची कत्तल झाली. तिची पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक हानी झालेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड यांची नावे घेतली. आजच्या लातूर जिल्ह्याचा काही भाग तेव्हा उस्मानाबादेतच होता. मुसलमानांची शस्त्रे काढून घेतली गेली आणि हिंदूंची तशीच राहिली, अशा तक्रारीही समितीच्या कानी आल्या. मुक्तिसंग्रामाचा सार्थ अभिमान बाळगताना हे पानही आपण वाचले पाहिजे. शस्त्र कोणाकडे ठेवायचे हे जो ठरवतो, तो पुष्कळदा कोण जगणार हेही ठरवतो.

या घटना ताज्या असतानाच, डिसेंबर 1948 मध्ये घटनासमितीत हरी विष्णू कामत यांनी शस्त्रे बाळगण्याच्या हक्काची उपसूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. प्रत्येकाला बाजारातून हवे ते शस्त्र बिनदिक्कत घेता आले तर राज्य चालणार कसे, अशी त्यांची विचारणा होती, आणि आग्रह धरायचाच तर शस्त्र धरण्याच्या हक्काचा नव्हे, कर्तव्याचा धरावा, असे त्यांनी सुचवले. अमेरिकेने 1791 च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने नेमकी उलटी वाट धरली होती. भारताने 1959 चा शस्त्र कायदा केला आणि 1 ऑक्टोबर 1962 पासून तो लागू झाला. त्यात बंदूक हक्क नाही, परवानगी आहे. जिल्हाधिकारी पोलिसांचा अहवाल मागवतो, कारण तपासतो, मग परवाना देतो. पण या कायद्यातील दोन तरतुदी फारशा कोणाला माहीत नसतात. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना त्यात वेगळा सांगितला आहे, आणि अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारू नये, असे कलम 14 स्पष्ट बजावते. प्रतिष्ठितांचा मान असलेली बंदूक गरजवंताची व्हावी, हा त्यामागचा हेतू होता.

आज काय दिसते? रानडुकरांनी हरभरा उकरला तरी रेणापूरच्या शिवारातला शेतकरी डबडे वाजवत रात्र काढतो. डुक्कर मारायचे तर वनखात्याची परवानगी आणखी वेगळी. बंदूक मात्र दिसते ती कंत्राटदाराच्या, पुढाऱ्याच्या, जमिनीच्या व्यवहारातल्या माणसाच्या कमरेला, आणि वरातीत, वाढदिवसाला, मोबाइलच्या चित्रफितीत. 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली. निवडणूक आली की परवान्याची शस्त्रे ठाण्यात जमा करून घेतात. ज्यांच्या बंदुकांची भीती मतदाराला वाटू शकते हे सरकारलाच मान्य आहे, त्यांना मतदान झाल्यावर ती शस्त्रे परत मिळतात. बीडमध्ये हत्येनंतर शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. ते चांगलेच झाले, पण ही छाननी सरपंचाच्या मरणाची वाट पाहत का थांबली होती, याचा जाब कोणी दिलेला नाही.

खासगी बंदुकीने मराठवाड्यातला गरीब माणूस कधी सुरक्षित झाला, याचा दाखला या दोन-अडीचशे वर्षांत मला सापडला नाही. सालारजंगांच्या पोलिसांनी जे साधले ते गढीवरच्या अरबाला कधी साधले नाही. म्हणून लातूर, नांदेड आणि बीडच्या वाचकांना एक विनंती आहे. माहितीच्या अधिकाराच्या कलम 4 नुसार शासकीय कार्यालयाने दिलेल्या परवान्यांचा तपशील स्वतःहून जाहीर करायचा असतो. आपल्या तालुक्यात किती शस्त्रपरवाने आहेत, ते कोणत्या कारणासाठी दिले, परवानाधारकांपैकी किती जणांवर गुन्हे दाखल आहेत आणि पिकाच्या राखणीसाठी किती परवाने मिळाले, हे चार आकडे जिल्हाधिकारी कार्यालयाकडे लेखी अर्ज करून मागवा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा.