दिनविशेष : १८ फेब्रुवारी – गोट्यांनी मत देणारा गांबिया

पश्चिम आफ्रिकेतला चिमुकला गांबिया १९६५ मध्ये आजच्याच दिवशी ब्रिटिशांच्या ताब्यातून मुक्त झाला. नकाशात हा देश म्हणजे गांबिया नदीच्या दोन्ही काठांना बिलगलेली चिंचोळी पट्टी. रुंदी जेमतेम ५० किलोमीटर, तीन बाजूंना सेनेगल, पश्चिमेला अटलांटिक. पेशाने जनावरांचे डॉक्टर असलेले दाऊदा जावारा स्वतंत्र देशाचे पहिले पंतप्रधान झाले.

खरे कौतुक तिथल्या मतदानाचे. अक्षरओळख नसलेल्यांनाही मत देता यावे म्हणून उमेदवाराच्या रंगाचे पिंप ठेवत; मतदार नळीतून काचेची गोटी सोडी आणि आत घंटी वाजे. दुसऱ्यांदा वाजली तर लबाडी उघड! सायकलच्या घंटीमुळे घोटाळा नको म्हणून केंद्राच्या आसपास सायकलींनाही मनाई असे.

याच गोट्यांनी डिसेंबर २०१६ मध्ये २२ वर्षे सत्तेवर असलेल्या याह्या जामे यांना हरवले आणि अदामा बॅरो राष्ट्राध्यक्ष झाले.