पाहणें आणि करणें

बोरी नदीच्या कांठीं वसलेल्या अमळनेर गांवीं श्रीमंत प्रतापशेठ यांनीं १९१६ सालीं तत्त्वज्ञान मंदिराची स्थापना केली. गिरणीच्या भोंग्यावर दिवस मोजणाऱ्या गांवांत वेदान्ताचा व पाश्चात्य विचाराचा सूक्ष्म अभ्यास व्हावा ही त्यांची इच्छा होती. अशा अभ्यासांत एक जुना प्रश्न वारंवार पुढें येतो. दुसऱ्याच्या मनांत काय आहे हें मनुष्याला कळतें कसें? डोळ्यांना दिसते ती केवळ हालचाल. हात पुढें आलेला दिसतो. हातामागचा हेतु दिसत नाहीं. असें असूनही वर्षाच्या आंतलें मूल आईचा हात वाटीकडे वळतांच वाटीकडे पाहूं लागतें. पंडितांना जें सिद्ध करितांना कष्ट पडले, तें पाळण्यांतल्या बाळाला साधतें कसें?

भारतीय शास्त्रकारांनीं बालकाकडे दुर्लक्ष केलें नव्हतें. न्यायसूत्रांत नवजात अर्भकाच्या स्तन्याभिलाषेचा विचार आहे. ज्याला कोणीं शिकविलें नाहीं तें मूल दुधाकडे ओढ घेतें. म्हणून हा अभ्यास पूर्वजन्मींचा असला पाहिजे, असें सूत्रकार म्हणतात. लोखंड लोहचुंबकाकडे जातें तशीच ही ओढ कां नसावी, असा आक्षेपही त्यांनीं स्वतःच मांडून खोडून काढला आहे. पुढें सातव्या शतकांत बौद्ध आचार्य धर्मकीर्तीनें परचित्ताच्या सिद्धीसाठीं एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तो आज तिबेटी भाषांतररूपानें उपलब्ध आहे. त्याची युक्ति सोपी आहे. आपल्या ठिकाणीं आधीं इच्छा होते व मग क्रिया घडते. तशीच क्रिया दुसऱ्याच्या ठिकाणीं दिसली म्हणजे तेथेंही चित्त आहे असें अनुमान करावें. स्वतःच्या करण्यावरून दुसऱ्याचें करणें ओळखावें, हें या युक्तीचें सार होय.

विसाव्या शतकांत हा प्रश्न ग्रंथांतून प्रयोगशाळेंत आला. १९५४ मध्यें फ्रान्समधील गास्तो व बेर यांनीं मेंदूंतील विद्युत्-लहरी टिपल्या असतां एक चमत्कारिक गोष्ट आढळली. मनुष्य स्वस्थ बसून चित्रपटांतील मुष्टियुद्ध पाहत असला तरी, स्वतः हात हालविल्यावर जी लहर मंदावते तीच लहर केवळ पाहण्यानेंही मंदावत होती. पुढें १९९२ सालीं इटलींतील पार्मा येथें रिझोलात्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनीं माकडाच्या मेंदूंत अशा पेशी दाखविल्या कीं, ज्या स्वतः वस्तु उचलतांना जागृत होतात आणि दुसऱ्यानें उचललेली पाहतांनाही जागृत होतात. त्यांना आरसा-पेशी हें नांव मिळालें.

बालकांविषयींचे प्रयोग त्याहून मनोरंजक आहेत. १९९८ सालीं अमेरिकेंत अमांडा वुडवर्ड यांनीं सहा महिन्यांच्या बालकांपुढें दोन खेळणीं ठेवून, एक हात त्यांपैकीं एकच पुनःपुन्हा धरतो असें दाखविलें. मग खेळण्यांच्या जागा बदलल्या. हात जुन्या जागीं जाऊन नवें खेळणें धरूं लागला तेव्हां मुलें अधिक वेळ टक लावून पाहत राहिलीं. अर्थात् त्यांनीं हाताची वाट लक्षांत ठेविली नव्हती, हाताचा हेतु ठेविला होता. २००५ सालच्या प्रयोगांत तीन महिन्यांच्या मुलांच्या हातीं खेळणें चिकटेल असे मोजे घातले. ज्यांना अद्याप वस्तु धरतां येत नाहीं अशा त्या जीवांनीं मोज्यांच्या साह्यानें खेळणीं उचललीं. आणि त्यानंतर दुसऱ्याच्या हाताचा हेतुही त्यांना उमगूं लागला. धर्मकीर्तीचें अनुमान मूल करीत नसेल. पण त्याचा मार्ग मात्र तोच दिसतो. आधीं करणें, मग कळणें. २००९ मध्यें तर असें आढळलें कीं, नऊ महिन्यांच्या मुलाच्या मेंदूंत ही हालचालीची खूण समोरची ओळखीची क्रिया सुरू होण्यापूर्वींच उमटते. मूल नुसतें पाहत नाहीं. पुढें काय होणार याची वाट पाहतें.

मात्र या शास्त्रांत घाई झाली तेव्हां माघारही घ्यावी लागली. दोनतीन आठवड्यांचें मूल जीभ बाहेर काढणाऱ्याची नक्कल करतें, असें मेल्टझॉफ व मूर यांनीं १९७७ मध्यें प्रसिद्ध केलें व तें जगभर पाठ्यपुस्तकांत गेलें. २०१६ सालीं १०६ बालकांची चार वेळां परीक्षा घेतली तेव्हां त्याला पुष्टि मिळाली नाहीं. त्याविषयीं वाद चालू आहे. शिवाय मूल म्हणजे आंधळा आरसा नव्हे. २००२ सालच्या एका प्रयोगांत एका बाईनें कपाळानें दिवा लावून दाखविला. तिचे हात मोकळे असतांना चौदा महिन्यांच्या मुलांपैकीं शेंकडा ६९ मुलांनीं कपाळाचाच उपयोग केला. पण थंडीमुळें पांघरूण धरण्यांत तिचे हात गुंतले असतांना फक्त २१ टक्के मुलांनीं तसें केलें. तिला अडचण होती, आपल्याला नाहीं, हें त्यांनीं जाणलें.

महाराष्ट्रांत ही गोष्ट यंत्रांवांचून ओळखणारीं माणसें होऊन गेलीं. पांडुरंग सदाशिव साने हे तत्त्वज्ञान मंदिराच्या अभ्यासासाठीं अमळनेरास आले आणि १९२४ सालीं तेथील प्रताप हायस्कुलांत शिक्षक झाले. छात्रालयांतील मुलांना स्वच्छतेवर व्याख्यान देण्याऐवजीं ते स्वतः खोल्या झाडीत, पसरलेले कपडे घडी घालून ठेवीत. पाहतां पाहतां मुलांचे हात त्या कामाला लागले. हीं मुलें मोठीं होतीं. अगदीं लहानांसाठीं हेंच तत्त्व ताराबाई मोडक यांनीं आचरिलें. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरास काम करून त्यांनीं १९३६ सालीं दादरला शिशुविहार उघडला व १९४५ पासून बोर्डीस गरिबांच्या अंगणांत बालवाडी नेली. शंख-शिंपले, बिया आणि पानें हींच तेथें साधनें झालीं. पाणी ओतावें कसें, वस्तु जागेवर ठेवावी कशी, हें बाई सावकाश करून दाखवीत; मूल पाहून स्वतः करी. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनीं हें कार्य पुढें कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत चालविलें. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सरकारनें एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हां तिच्या केंद्राला मिळालेलें अंगणवाडी हें नांव महाराष्ट्राच्या कानांस ओळखीचें होतें.

या साऱ्या इतिहासांत पाहणें व करणें या गोष्टी वेगळ्या पडत नाहींत. ज्या मुलाला ‘हात लावूं नकोस’ एवढेंच ऐकावें लागतें, त्याचें करणें थांबतें, आणि करण्याबरोबर दुसऱ्याला समजण्याची एक वाटही अरुंद होते. ज्याच्यापुढें मोठीं माणसें एक बोलतात व दुसरें करतात, तें मूल शब्द ऐकण्याच्या आधींच हाताकडे पाहून चुकलेलें असतें. शाळेचा पहिला तास घंटेनें सुरू होतो असा समज आहे. वस्तुतः तो घरांत, कोणाच्या तरी हाताकडे पाहतां पाहतां, केव्हांच सुरू झालेला असतो.