विसरलेली किल्ली

किल्ली देणें सोपें, परत घेणें अवघड, हा व्यवहारांतला जुना अनुभव आहे. किल्ली मागावयास मनुष्य स्वतः येतो. 'माझी किल्ली काढून घ्या' असें सांगावयास सहसा कोणी येत नाहीं. संगणकांच्या इतिहासांत या साध्या गोष्टीनें मोठमोठ्या संस्थांना कसें जेरीस आणलें, हें पाहण्यासारखें आहे.

१९६१ सालीं अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेंत फर्नांडो कॉर्बातो व त्यांचे सहकारी यांनीं एकच संगणक अनेकांनीं एकाच वेळीं वापरण्याची व्यवस्था करून दाखविली. यंत्र एक, पण कागदपत्रें ज्याचीं त्याचीं निराळीं. म्हणून प्रत्येकास परवलीचा शब्द देण्यांत आला. पुढें १९७६ मध्यें आयबीएम कंपनीनें आपल्या मोठ्या यंत्रांसाठीं 'रॅकएफ' नांवाचा जणूं एक पहारेकरीच नेमला. कोणीं कोणतें दप्तर उघडावें, हें तो आपली यादी पाहून ठरवी. यंत्र एक व यादीहि एक, तोंवर सारें सुरळीत चाललें.

परंतु यंत्रें वाढलीं, तशा याद्याहि वाढल्या. एकाच मनुष्याचें नांव दहा ठिकाणीं लिहावें लागे आणि तो नोकरी सोडून गेला, कीं दहा ठिकाणीं खोडावें लागे. यावर उपाय म्हणून सर्वांसाठीं एकच मध्यवर्ती नोंदवही असावी, हा विचार पुढें आला. १९९३ मध्यें मिशिगन विद्यापीठांत अशा नोंदवहीला प्रश्न विचारण्याची एक सुटसुटीत रीत सिद्ध झाली. ती 'एलडॅप' या नांवानें प्रसिद्ध आहे. २००० सालीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें 'अॅक्टिव्ह डिरेक्टरी' आणली आणि ही कल्पना कचेरी-कचेरींत पोंचली.

तथापि जुनीं यंत्रें कांहीं निवृत्त झालीं नाहींत. पेढ्यांचे व विमाकंपन्यांचे हिशेब त्यांवरच चालत राहिले, आणि त्यांनीं आपल्या जुन्या याद्याहि सोडल्या नाहींत. एका म्यानांत दोन तलवारी, असा हा प्रकार झाला. रॅकएफच्या यादींत नांव आठ अक्षरांहून लांब असूं शकत नाहीं. नव्या नोंदवहींत तेंच नांव पूर्ण असतें. हीं दोन्ही नांवें एकाच मनुष्याचीं आहेत, हें यंत्रास कोणीं सांगावें? मध्यवर्ती वहींत नांव खोडलें, तरी जुन्या यंत्राला त्याची वार्ता लागत नाहीं. बदलीच्या वेळीं तर याहून चमत्कारिक स्थिति होते. बिलें लिहिणारा कारकून तीं मंजूर करण्याच्या जागीं गेला आणि त्याचा पहिला हक्क कायम राहिला, तर लिहिणारा व मंजूर करणारा एकच झाला! एन्रॉनसारखीं दिवाळीं निघाल्यावर अमेरिकेंत २००२ मध्यें सार्बेन्स-ऑक्सले कायदा झाला. त्यानें अंतर्गत हिशेबी बंदोबस्ताची जबाबदारी कंपन्यांच्या चालकांवर टाकली. तेव्हां असे शिल्लक हक्क तपासणें भाग पडलें.

विसरलेल्या हक्काची किंमत काय, हें २०२१ सालीं दिसून आलें. कलोनियल पाइपलाइन कंपनीची टेक्सासपासून न्यूयॉर्कच्या बाजूस जाणारी तेलवाहिनी सुमारें ५,५०० मैल लांबीची आहे. दुरून कंपनीच्या जाळ्यांत शिरण्याचा एक जुना मार्ग तेथें वापरांतून गेला होता. पण त्यावरील परवानगी जिवंतच होती. तिचा परवलीचा शब्द चोरट्यांच्या हातीं लागला, आणि त्यावांचून दुसरी कोणतीहि ओळख तेथें विचारली जात नव्हती. ७ मे रोजीं वाहिनी बंद करावी लागली. ती १२ मे रोजीं पुनः सुरू झाली. दरम्यान अनेक पेट्रोल पंपांवर मोटारींच्या रांगा लागल्या, आणि कंपनीनें सुमारें ४४ लक्ष डॉलर खंडणी भरली.

उपाय गूढ नाहीं. नेमणूक, बदली व निवृत्ति यांची पहिली नोंद एकाच वहींत व्हावी आणि तेथून ती प्रत्येक यंत्राकडे जावी. याकरितां २०१५ मध्यें 'स्किम' या नांवाची एक सामाईक बोली प्रमाण ठरली. जुन्या यंत्रांना ती सहसा समजत नाहीं. तेथें मध्यें दुभाषी कार्यक्रम बसवावा लागतो. एवढ्यानेंहि भागत नाहीं. दोन्ही याद्या वरचेवर ताडून पाहाव्या लागतात, ज्या नांवास धनी नाहीं तें खोडावें लागतें, आणि उरलेल्या प्रत्येक हक्काबद्दल त्या त्या खात्याच्या अधिकाऱ्यास विचारावें लागतें कीं, या मनुष्यास याची आज गरज आहे काय? हा प्रश्न यंत्र स्वतः होऊन विचारीत नाहीं. तो विचारण्याचें काम ज्याच्याकडे नेमून दिलेलें असेल, त्याच्या दक्षतेवरच साऱ्या किल्ल्यांची सुरक्षितता अवलंबून आहे.